पितळी पक्ष्याचे माप

पक्ष्याची शेपटी पावणेतीन मिलिमीटरने आखूड पडली. पितळेच्या कामात हे अंतर क्षुल्लक नसते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. ते घरात किती मोठे होऊ शकते, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

मी तुर्भ्याच्या एका प्रयोगशाळेत प्लास्टिकचे नमुने ताणून तोडते. कितव्या क्षणी तुटले, कुठे तुटले, का तुटले, याचा अहवाल लिहिणे हे माझे काम. पदार्थविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या मुलीला आयुष्यभर हेच करावेसे वाटत नसेल, तर तिला दुसरे काहीतरी उभे करावे लागते. मी संगणकावर शिल्पे करू लागले. सॉफ्टवेअर आपल्या द्रव्याला मातीच म्हणते, पण ती माती वाळत नाही, तडकत नाही, नखात अडकत नाही. तिला वजन नसते. चुकले तर दोन कळा दाबून मागे जाता येते, कितीही पावले. प्रत्यक्षात जे उभे राहू शकणार नाही, ते तिथे निवांत उभे असते.

माझा विषय जुन्या धातूकामातली नक्षी. दिव्यांवरचे गोफ, खवले, कमळाच्या पाकळ्या यांकडे मी सजावट म्हणून पाहत नाही. मला त्यात नियम दिसतात. कारागीर एक छोटा नियम धरतो आणि तो वळणावळणाने पुढे नेतो. पृष्ठभाग जिथे आत वळतो तिथे खवला लहान होतो, जिथे फुगतो तिथे पसरतो. असे नियम ओळखून मी ते आज्ञावलीत लिहिते आणि एखाद्या आकारावर वाढू देते. जे उगवते ते जुन्याची नक्कल नसते, पण जुन्या कारागिराला त्यात परके वाटू नये, एवढी माझी अपेक्षा असते.

वाशीतल्या एका कलादालनाने अशाच कामांसाठी अर्ज मागवले. निवड झाली तर वर्षभर त्यांची कार्यशाळा, यंत्रे आणि राहण्यापुरते मानधन मिळणार होते. म्हणजे प्रयोगशाळा सोडता येणार होती. अट एकच आणि स्वच्छ होती: एखादी जुनी शोभिवंत वस्तू आणि तिच्यावरून संगणकात घडवलेले शिल्प, दोन्ही प्रत्यक्ष, एकमेकांना जोडलेल्या अवस्थेत दाखवावे. पडद्यावरचे चित्र चालणार नाही.

वस्तू माझ्या नजरेत आधीपासून होती. कामोठ्यात आम्ही ज्यांच्या इमारतीत भाड्याने राहतो, ते घरमालक इथल्याच खाडीकाठच्या गावातले. त्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या शेजारी एक टांगता दिवा आहे. परातीएवढी पितळी थाळी, काठाला वातींची नाकाडे, आणि मधोमध उंचवट्याचे कडे. त्या कड्यावर तीन भोके, रिकामी.

"आमचे आज्याचे आज्याचा हाय," घरमालक म्हणाले. "मधी पक्षी होता. पोटात तेल भरायचा, चोचीतना थेंब थेंब परायचा. कोन घेवून गेला, कदी गेला, कोनाला ठाव नाय."

"मोर होता की हंस, काका?"

"आई बोलायची मोर. चुलता बोलायचा कोंबरा. तू शिकलेली हायस, तूच ठरव."

मी त्यांना समजावले की दिव्याचे स्कॅनिंग करायचे तर चकाकी घालवण्यासाठी त्यावर पांढरी पावडर उडवावी लागते, नंतर ती पुसता येते.

"देवाचा दिवा हाय, पोरी. त्याला पावडर लावून काय लग्नाला उभा करतंस?" ते म्हणाले. "ने घरी. महिनाभर ठेव. पन पावडर नाय."

म्हणून मी साध्या फोनने दिव्याची दोनेकशे छायाचित्रे काढली. तेवढ्यावरून संगणकात आकार उभा राहतो, आणि अचूक राहतो. मात्र तो आकार केवढा आहे हे संगणकाला कळत नाही. दिवा वाटीएवढा की विहिरीएवढा, त्याला सारखेच. त्यासाठी वस्तूवरचे एक खरे अंतर हाताने मोजून द्यावे लागते आणि बाकी सगळे त्या एका अंतरावर तोलले जाते. तीन भोकांपैकी दोन पायांची आणि एक शेपटीचे असणार; मी पायाच्या भोकापासून शेपटीच्या भोकापर्यंतचे अंतर निवडले. माझा कॅलिपर दीडशे मिलिमीटरपर्यंतच उघडतो. भोके त्याहून दूर होती.

"मी घेतो की," बाबा खुर्चीतून म्हणाले.

बाबा कोल्हापूरकडचे. तळोज्याच्या एका फाउंड्रीत त्यांनी निवृत्तीपर्यंत पॅटर्न मेकर म्हणून काम केले. जो भाग धातूत ओतायचा तो आधी लाकडात हुबेहूब घडवायचा, मग त्याचा ठसा वाळूत उमटवून त्यात धातू ओततात. पंपांची कवचे, झडपा, मोठाली चाके, सगळे त्यांनी आधी सागवानात केले. निवृत्तीनंतर दोन वर्षांत कंपवात आला. आधी उजवा अंगठा, मग पूर्ण हात. हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली. मदत म्हणून देता येईल असे त्यांच्याकडे काही उरले नव्हते आणि मी त्यांना काही मागतही नसे.

त्यांनी तेलकट फडक्यातून पोलादी पट्टी काढली. आईने थाळी धरली. बाबांनी मनगट थाळीच्या काठावर टेकवले आणि कापरे ओसरायची वाट पाहत राहिले. ते ओसरत नाही, पण मध्येच एखादा क्षण थांबते. तो क्षण त्यांनी पकडला.

"एकशे सत्त्याहत्तर. वर केसभर."

"केसभर म्हणजे किती? तिला आकडा लागतो," आई म्हणाली. "आणि लवकर आटपा, माझे हात भरून आले."

"पाव धर."

मी एकशे सत्त्याहत्तर पूर्णांक पाव लिहिले. प्रयोगशाळेत मी कोणतेही माप तीनदा घेते, आणि शक्य तर तिसऱ्यांदा दुसऱ्याच्या हातून. पट्टी टेबलावरच होती. ती उचलून मी त्यांच्यासमोर पुन्हा मोजले असते, तर त्याचा एकच अर्थ निघाला असता. मी वही मिटली.

"श्रिंकेज धरलंस का?" त्यांनी विचारले. पितळ थिजताना आकसते, म्हणून साचा तेवढा मोठा ठेवावा लागतो. त्याला त्यांच्या कारखान्यात हाच शब्द होता.

"धरणार आहे, बाबा. दीड टक्का."

"झालं मग," ते म्हणाले, आणि त्या दिवशी चहाचा कप त्यांनी आईला धरू दिला नाही.

पक्षी घडवायला मला पाच आठवडे लागले. महिन्याची मुदत वाढवून मागितली, तेव्हा घरमालक म्हणाले, "ठेव गं, तिकरं पन धूलच खातंय." मी मोर केला नाही, हंस केला नाही आणि कोंबडाही केला नाही. समोरून पाहिले तर मान वळवलेला पक्षी, खालून पाहिले तर उमलते कमळ. त्याच्या अंगावर थाळीच्या काठावरचाच खवला वाढत गेला होता. गळ्यापाशी तिळाएवढा, पाठीवर नखाएवढा, आणि शेपटीत तो इतका विरळ होत गेला की शेवटी नुसती जाळी उरली. जाळीच्या टोकाला चार मिलिमीटरची एक खुंटी. दोन पाय आणि शेपटी, अशा तीन खुंट्यांवर तो उभा राहणार होता. खुंट्या जाड ठेवता आल्या असत्या. मला त्या नाजूक हव्या होत्या.

साहेबांनी प्रयोगशाळेचे थ्रीडी प्रिंटिंगचे यंत्र एकदाच वापरू दिले, तेही वार्षिक तपासणीसाठी ते उघडले जाण्याआधी. मेणासारखा जळून जाणारा पक्षी त्यातून निघाला. तो घेऊन बाबा आणि मी कळंबोलीला गेलो. लोखंडाच्या बाजारामागे, उभ्या ट्रेलरांच्या रांगेआड, बाबांचे एक जुने सहकारी पितळेचे छोटे ओतकाम चालवतात. फाउंड्रीत बाबा लाकूड कोरायचे आणि हे धातू ओतायचे. निवृत्तीनंतर आमच्या घरी येणारे ते एकमेव माणूस होते. दर आठवड्याला यायचे, दोन तास बसायचे, आणि बाबांच्या हाताकडे मुद्दाम न पाहता गप्पा मारायचे.

"मिस्त्री, हे एकदाच होणार बरं का," ते पक्षी उजेडात फिरवत म्हणाले. "मातीत घातला, जाळला, की मूळ गेलं. बिघडलं तर माझ्या नावानं शंख करू नका."

"तुझ्या नावानं मी तीस वर्षं शंख करतोय. आज नवीन काय?"

"पोरगीनं केलंय होय हे? हाताशिवाय?"

"हातानंच, काका. माउसवर," मी म्हणाले.

"मग तुमच्यापेक्षा बरा हात आहे," ते बाबांना म्हणाले. त्यांच्या बोलण्यातला बाण उलटा लागला हे त्यांच्या लगेच लक्षात आले. त्यांनी विषय बदलला.

ओतकाम उत्तम झाले. एकही खवला अर्धवट नव्हता. जाळीच्या शेवटच्या तारेपर्यंत पितळ पोचले होते. गुरुवारी दुपारी, निवड समितीला दाखवण्याच्या दोन दिवस आधी, आम्ही पक्षी घरी आणून थाळीवर ठेवला. दोन्ही पाय बसले. शेपटीची खुंटी भोकाच्या अलीकडे, कड्याच्या कोऱ्या पितळेवर टेकली.

बाबांनी पक्षी उचलून पुन्हा ठेवला. मग पट्टी मागितली. भोके मोजली: एकशे सत्त्याहत्तर आणि पाव. पक्षी मोजला.

"एकशे चौऱ्याहत्तर, साडेचौऱ्याहत्तर. पावणेतीन कमी." त्यांनी मान हलवली. "भंगार ओतलंय त्यानं. काहीतरी मिसळलंय."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन लावला होता. त्यांना फोन कानाशी धरवत नाही, म्हणून आवाज खोलीभर पसरला.

"काय ओतलंस रे?"

"पितळ ओतलं. का?"

"पितळ एवढं आकसत नाही. मला शिकवू नकोस."

"मिस्त्री, तुमच्या कामात मी नळांचं भंगार घालीन का?"

"घातलंयस."

पलीकडे भट्टीचा पंखा बंद केल्याचा आवाज आला. मग, "उद्या येतो बघायला," एवढेच.

पितळ एवढे आकसत नाही, हे बाबांचे म्हणणे बरोबर होते, आणि म्हणूनच मला चैन पडेना. मी तडक तुर्भ्याला जाऊन प्रयोगशाळेचा मोठा कॅलिपर आणला. पक्षी मोजला: एकशे सत्त्याहत्तर आणि पाव. मी मागितला होता अगदी तेवढाच. भोके मोजली: एकशे ऐंशी. तीनदा मोजली. ओतकामात काहीच चूक नव्हती. एकाला दुसऱ्याने भागले तेव्हा दीड टक्क्याचा फरक आला. अपघाताने झालेली चूक इतकी नेमकी नसते.

बाबा अंघोळीला गेले असताना मी पट्टी उलटी करून भिंगाखाली धरली. पाठीवर झिजलेली अक्षरे होती, ती पितळेसाठीची श्रिंकेजची पट्टी असल्याची. अशा पट्टीवरचे आकडे नेहमीचेच असतात, पण प्रत्येक मिलिमीटर किंचित लांब आखलेला असतो. तिने लाकूड मोजले की ते आपोआप मोठे कापले जाते, आणि धातू आकसून बरोबर मापाला येतो. हिशेब पट्टीतच असतो, कारागिराला तो करावा लागत नाही. बाबा हे जाणत नव्हते असे नाही. पण आयुष्यभरात त्या पट्टीने त्यांनी तयार वस्तू कधी मोजलीच नव्हती. तयार वस्तू तपासणी विभाग मोजायचा. त्यांच्या पेटीत दुसरी पट्टी नव्हती, कारण त्यांच्या कामात दुसऱ्या पट्टीची गरज नव्हती. कारखान्यात ती नुसती 'पट्टी' होती.

मला एक जुनी गोष्ट आठवली. दहावीच्या वर्षी शाळेत माझी उंची एकशे बावन्न भरली होती आणि घरी बाबांनी मोजली तेव्हा दीडशेसुद्धा भरली नव्हती. आई म्हणाली होती, शाळेवाले बुटांसकट मोजतात. आम्ही तिघांनी ते मान्य केले होते.

त्या संध्याकाळी मी गप्प राहिले. स्वतःला सांगितलेले कारण असे की, शनिवार जाऊ द्यावा. खरे कारण मला माहीत होते. बाबांचे शरीर रोज थोडे थोडे त्यांच्या ताब्यातून निसटत होते. माप चुकत नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे शाबूत होती.

शुक्रवारी सकाळी ओतारीकाका आले. चहाला नको म्हणाले. पक्षी हातात घेतला, खुंटी पाहिली, कडे पाहिले.

"खुंटी कापून पुढं सरकवून डाग देऊन जोडता येईल," ते म्हणाले. "जाळी बारीक आहे. पण प्रयत्न करतो."

"आता हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "जेवढं केलंस तेवढं पुरे. दुसऱ्याचं काम असतं तर असं ओतलं असतंस?"

काकांनी पक्षी टेबलावर ठेवला. "तुमच्यासाठी मी नवं पितळ आणलं होतं, मिस्त्री," ते म्हणाले आणि चपला घालायला वळले. त्यांना एका पायातली चपल सापडत नव्हती. ते वाकून शोधत होते.

तेव्हा मी बोलले. "ओतकाम बरोबर आहे, बाबा. माप चुकलं."

"कुणाचं?"

माझे, असे म्हणता आले असते. अर्धे खरेही होते. एकच माप घेऊन वही मिटणारी मीच होते. पण मी तसे म्हटले असते तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, कुठं चुकलं, आणि मला त्यांच्यासमोर खोटे माप सांगता आले नसते.

"तुमची पट्टी श्रिंकेजची आहे. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर लांब आहे, म्हणून भोकांचं अंतर कमी वाचलं गेलं. मी धरलेला दीड टक्का ती तूट भरण्यातच गेला."

काकांनी पट्टी हातात घेऊन उलटी केली. त्यांना एका क्षणात कळले. "अरे, हां," ते हसून म्हणाले. "मिस्त्री, आपल्याकडं दुसरी होती तरी कुठं? माझ्याकडंही हीच आहे. परवा बायकोच्या कपाटाचं माप हिनंच घेतलंय, आता दार लागत नसणार." ते उगाच बोलत राहिले. बाबांनी हात पुढे केला, पट्टी घेतली, फडक्याने पुसली. पुसणे संपेना, तेव्हा आईने त्यांच्या हातातून ती काढून घेतली.

"हो," बाबा म्हणाले.

काका पक्षी घेऊन गेले. दुपारी त्यांचा फोन मला आला. डाग देताना ज्योत जाळीला लागली आणि शेपटीच्या शेवटच्या तीन ओळी वितळून एकमेकींत बसल्या. "वाचलं नाही, बेटा," ते म्हणाले. सबब सांगितली नाही. नवा पक्षी छापायचा तर यंत्र उघडून पडलेले होते.

शनिवारी मी तरीही गेले. न जाण्यासाठी एक प्रकारचे धैर्य लागते, ते माझ्यात नव्हते. समितीत दोघे होते. थाळी त्यांना आवडली. पक्षी त्यांनी दोन्ही हातांनी फिरवून पाहिला आणि शेपटीतल्या गोळ्यावर बोट ठेवून विचारले, हा मुद्दाम आहे का? मी नाही म्हणाले. मग त्यांनी संगणकातले शिल्प दाखवायला सांगितले. पडद्यावर तिन्ही खुंट्या तिन्ही भोकांत बसल्या होत्या. पडद्यावर दिवा आणि पक्षी दोघेही सारख्याच प्रमाणात लहान होते, त्यामुळे तिथे कुणालाच काही खुपत नव्हते.

"इथं तर छान बसतोय," त्यांतले एक म्हणाले, दयेने.

नकाराचा मेल पुढच्या आठवड्यात आला. दोन ओळींचा, नीट लिहिलेला. मी तो एकदाच वाचला आणि त्या दिवसाचे नमुने तोडायला घेतले. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, असे सगळे म्हणाले. पण त्या दालनाने पुढच्या वर्षीचा विषय जाहीर केला आहे आणि त्यात जुन्या वस्तूंचे काही नाही. ओतारीकाका फोन करतात. बाबा उचलत नाहीत. रागावले आहेत असे नाही. त्या माणसासमोर बसायला त्यांना तोंड नाही, असे मला वाटते. मी दोघांना एकदा समोरासमोर आणायचा प्रयत्न केला. काका आले, दहा मिनिटे पाऊसपाण्याचे बोलले, आणि गेले.

दिवा परत करायला मी बाबांना सोबत नेले. त्यांनी घराबाहेर पडावे असा आईचा हट्ट होता. घरमालकांनी दिवा साखळीला अडकवला, दोन पावले मागे येऊन पाहिला.

"पक्षी नाय बसला?"

"नाही, काका. माफ करा."

"माफी कसली? इतकी वर्सं नव्हता, आजून थोरी नसंल." मग ते बाबांकडे वळले. "मिस्त्री, आला हायेस तं त्या खिरकीचा माप घेवून दे. जाली लावायची हाय. कबूतरांनी वैताग दिलाय."

बाबा सोफ्याच्या कडेला बसले होते. उजवा हात डाव्या हाताने धरलेला.

"माझं माप धरू नका, शेठ. दुसऱ्या कुणाला सांगा."

"आरं, खिरकीला काय लागतंय? इकरं-तिकरं चालतं."

"चालत नाही," बाबा म्हणाले.

घरमालकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि खणातली टेप माझ्या हाती दिली. मी खिडकीपाशी गेले. रुंदी तीनदा मोजली, उंची तीनदा मोजली, आणि आकडे मोठ्याने सांगितले, बाबांना ऐकू जावेत असे. घरमालकांनी ते वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतले. बाबा जमिनीकडे पाहत होते. थोड्या वेळाने ते उठले आणि माझी वाट न पाहता जिना उतरू लागले, कठड्याला धरून, एकेक पायरी.